खंडातून सुटलेले पान : कोशनोंदींच्या संकेतस्थळावरील मांडणीविषयी

कोशातील नोंद पुस्तकात वाचणे आणि तीच नोंद मोबाइलच्या पडद्यावर वाचणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. मजकूर एकच असतो, लेखकही तोच. तरी दुसऱ्या वाचनात काही गोष्टी हातातून निसटतात. त्या कोणत्या, आणि लेखाच्या पानाची मांडणी बदलून त्या परत आणता येतील का, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे. मांडणी म्हणजे रंग, चौकटी, सजावट असा अर्थ येथे अभिप्रेत नाही. शीर्षकाखाली काय यावे, तारीख कोठे लिहावी, उपशीर्षक ओळीत ठेवावे की वेगळे काढावे, अशा साध्या निर्णयांना मी मांडणी म्हणतो.

मी हे बेल्लमपल्लीहून लिहीत आहे. काझीपेट–बल्लारशाह लोहमार्गावरचे हे कोळशाचे गाव, सिंगरेणीच्या खाणींवर वाढलेले. बाजारात तेलुगू, शाळेत तेलुगू किंवा इंग्रजी, आणि मराठी घरात. मराठी कोशांचे सगळे खंड एका कपाटात ओळीने लावलेले पाहायचे तर आमच्या मुलांना उत्तरेला चंद्रपूरकडे जावे लागते. त्यामुळे मराठीतून काही शोधायचे झाले तर फोन हाच खंड आणि फोन हेच कपाट. गेली काही वर्षे मी अशा मुलांसाठी, सहकाऱ्यांनी आणि मी लिहिलेल्या माहितीपर लेखांची पाने एका छोट्या संकेतस्थळावर मांडतो आहे. मोठ्या कोशांच्या नोंदी कशा रचल्या आहेत हे त्या निमित्ताने बारकाईने पाहणे झाले. पुढची निरीक्षणे त्यातली आहेत.

छापील ज्ञानकोशाचा खंड हातात घेतला की नोंद वाचण्यापूर्वीच वाचकाला बरेच काही कळलेले असते. पुठ्ठ्याच्या कण्यावर खंडाचा क्रमांक असतो, आतल्या पानावर प्रकाशनाचे वर्ष असते. सुरुवातीला प्रस्तावना, लेखकांची यादी, संक्षेपांची यादी. नोंदीच्या वर आणि खाली शेजारच्या नोंदी दिसतात; कोणता विषय किती पाने खातो यावरून संपादकांनी त्याला किती महत्त्व दिले हेही न सांगता समजते. यातले काहीही नोंदीच्या मजकुरात लिहिलेले नसते, कारण लिहिण्याची गरजच नव्हती. लेखकाने खंडावर विसंबून लिहिले. संकेतस्थळावर मात्र शोधयंत्रातून येणारा वाचक थेट त्या एका पानावर उतरतो. खंड त्याने पाहिलेलाच नसतो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण काळाचे आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले, आणि वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८० मध्ये विश्वकोशासाठी स्वतंत्र निर्मिती मंडळ झाले. विसाव्या खंडाने काम पुरे झाले ते २०१५ मध्ये. म्हणजे ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत पोहोचायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. या प्रकल्पाचा आवाका पाहता त्यात नवल नाही. पण त्यातून एक गंमतीची गोष्ट घडली, ती अशी की या कोशात वर्णमाला हेच कालमापन झाले. नोंदीचे आद्याक्षर पाहिले की ती साधारण कोणत्या दशकात लिहिली गेली हे सांगता येते. आदिलाबाद हा शब्द ‘आ’त येतो, म्हणजे १९७०च्या दशकात छापल्या गेलेल्या टप्प्यात, त्या वेळी हाताशी असलेली जनगणना १९७१ची. हैदराबाद ‘ह’मध्ये येतो, अगदी शेवटच्या टप्प्यात, तोवर २०११ची जनगणना झालेली होती. पुस्तकाच्या वाचकाला हे खंडांच्या जाडजूड रांगेवरूनच उमगते. पडद्यावर ‘आ’ची नोंद आणि ‘ह’ची नोंद एकाच टंकात, एकाच पांढऱ्या पार्श्वभूमीवर, जणू काल संध्याकाळी लिहिल्यासारख्या शेजारी उघडतात.

आमच्या भागातल्या वाचकाला याची झळ विशेष लागते. बेल्लमपल्ली निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९४८ नंतर हैदराबाद राज्यात. १९५६ पासून आंध्र प्रदेशात. २ जून २०१४ पासून तेलंगणात. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन झाले तेव्हा ते मंचेरियाल जिल्ह्यात गेले. गाव जागचे हललेले नाही. पत्ता तेवढा बदलला. आता समजा, एखाद्या मुलाने फोनवर गोदावरीच्या खोऱ्यातील कोळशाविषयी तीन ठिकाणी वाचले. पहिले पान केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या काळातले, म्हणजे १९२०च्या दशकातले असेल; त्यात हैदराबाद हे संस्थान असणार. दुसरे १९७०-८०च्या दशकातले. त्यात आंध्र प्रदेश. तिसरे अलीकडचे, त्यात तेलंगण. तिन्ही विधाने आपापल्या काळी बरोबर होती. परंतु पानावर काळ लिहिलेला नसेल तर मुलाला त्यात परस्परविरोध दिसतो, आणि तो परस्परविरोध मिटवण्यासाठी ते जे सर्वांत छान दिसेल ते पान खरे मानते. स्पर्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत त्याचा एक गुण जातो, हे नुकसान लहान. मराठीतली माहिती जुनाट असते, असा समज त्याच्या मनात घर करतो, हे मोठे. पुढच्या वेळी ते मूल मराठीत शोधतच नाही.

म्हणून माझ्या मते लेखपानाच्या फेरमांडणीत पहिला निर्णय तारखेचा असावा. शीर्षकाच्या लगेच खाली, लहान पण स्पष्ट टाइपात, एक ओळ : लेखनाचे वर्ष, मूळ खंड आणि पृष्ठ. येथे एका घोटाळ्यापासून सावध राहावे लागते. संकेतस्थळे चालवणारी तयार यंत्रणा प्रत्येक पानाला आपोआप एक तारीख देते, ती पान संकेतस्थळावर चढवल्याची असते. चाळीस वर्षांपूर्वीचा लेख २०१२ मध्ये चढवला तर पान छातीठोकपणे २०१२ म्हणते. ही तारीख नसण्यापेक्षा वाईट, कारण ती असण्याचा आभास निर्माण करते. दोन तारखा द्यायच्या असतील तर जरूर द्याव्यात, पण ‘लेखन’ आणि ‘संकेतस्थळावर’ असे शब्द लावून. नुसता कॅलेंडरचा शिक्का नको.

पृष्ठाचा आग्रह काहींना जुनाट वाटेल. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांचे जे शब्दकोश संकेतस्थळावर ठेवले आहेत त्यांत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही आहे, १८५७ची दुसरी आवृत्ती. तेथे शब्द शोधला की त्याच्या आधी छापील पृष्ठाचा क्रमांक येतो. ही एवढीशी खूण दोन कामे करते. अभ्यासकाला उल्लेख देता येतो, आणि साध्या वाचकाला कळते की हा शब्द कोठल्यातरी पानावर, इतर शब्दांच्या शेजारात राहत होता. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवहीत संदर्भ म्हणून नुसते ‘इंटरनेट’ लिहिलेले असते, अशी तक्रार आपण शिक्षक मंडळी नेहमी करतो. खंड-पृष्ठ पानावर दिलेले नसेल तर त्यांनी दुसरे लिहावे तरी काय?

आता पहिल्या पडद्याकडे वळू. फोन हातात धरला असता न सरकवता जेवढे दिसते तेवढ्याला मी पहिला पडदा म्हणतो. माझ्या साध्या फोनवर एका ओळीत पाच-सहा मराठी शब्द बसतात आणि पहिल्या पडद्यावर, शीर्षक सोडून, पंधराएक ओळी. या पंधरा ओळींत वाचकाला आपण योग्य ठिकाणी आलो की नाही ते ठरवायचे असते.

विश्वकोशातील वनस्पतींच्या नोंदी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना त्यांचा आरंभ आठवेल. शीर्षकानंतर लगेच कंस उघडतो आणि हिं., गु., क., सं., इं., लॅ. अशा संक्षेपांसह त्या झाडाची इतर भाषांतील नावे येतात, मग शास्त्रीय कुल, मग कंस मिटतो, मग पहिले वाक्य. छापील स्तंभात हा कंस तीन-चार ओळींत आटोपतो आणि डोळा त्याला सहज ओलांडतो. फोनवर तोच कंस अर्धा पडदा व्यापतो. शिवाय संक्षेपांची यादी खंडाच्या सुरुवातीला राहिलेली, ‘लॅ.’ म्हणजे लॅटिन हे नववीतल्या मुलाने कोठून ओळखावे?

यावर सोपा उपाय म्हणजे कंस काढून टाकणे. तो मला साफ अमान्य आहे. बेल्लमपल्लीच्या मुलाला हा कंस सर्वांत उपयोगाचा. मोहाच्या झाडाला हिंदीत महुआ, संस्कृतात मधूक, गुजरातीत महुडो, कानडीत इप्पे म्हणतात, आणि आमच्याकडे तेलुगूत इप्प. पळसाला मोदुग. मुलाने झाड रोज पाहिलेले असते, नावही ठाऊक असते. ते नाव मराठी नसते इतकेच. ‘इप्प’ हा शब्द पानावर दिसला की ते म्हणते, अरे, हे तर आमच्या मागच्या रानातले झाड! तेव्हा नावे ठेवावीत, पण पहिल्या वाक्यानंतर, एका छोट्या दोन रकान्यांच्या तक्त्यात. डावीकडे भाषेचे पूर्ण नाव, उजवीकडे त्या भाषेतले झाडाचे नाव. मराठी विकिपीडियावर ज्याला माहितीचौकट म्हणतात तिचाच हा धाकटा भाऊ. चौकट मात्र फोनवर पहिल्या वाक्याच्या वर चढू देऊ नये. संगणकाच्या रुंद पडद्यावर ती उजव्या बाजूला शोभते. अरुंद पडद्यावर ती वर गेली की लेख सुरू होण्यापूर्वी वाचक दमतो.

व्यक्तींच्या नोंदींतला जन्म-मृत्यूच्या तारखांचा कंस मात्र मी जागचा हलवत नाही. तो लहान असतो, आणि माणूस कोणत्या शतकातला हे पहिल्या वाक्याच्या आधी कळणे हेच योग्य.

यानंतरचा प्रश्न उपशीर्षकांचा. त्यावर थोडे रेंगाळतो, कारण येथे मांडणी आणि भाषा यांची गाठ पडते, आणि मांडणी करणाऱ्यांना बहुधा ती दिसत नाही.

आपल्या कोशनोंदींत उपशीर्षक परिच्छेदातच, ठळक टाइपात, विसर्गासारख्या दोन टिंबांसह येते. ‘इतिहास :’, ‘प्रकार :’, ‘उपयोग :’. तीच ओळ पुढे चालू राहते. यात कागद वाचतो हे एक. पण त्यामुळे लेखकांना एक विशिष्ट वाक्यरचना वापरता येते. दगडी कोळशावरच्या एखाद्या लेखात असा परिच्छेद आहे असे समजा (वाक्य माझे आहे) : ‘खाणकाम : थर उथळ असल्यास वरची माती व खडक दूर करून उघड्या खाणीतून, खोल असल्यास शाफ्ट वा इन्क्लाइन खणून भुयारी पद्धतीने काढतात.’ काय काढतात? वाक्यात कर्म नाही. नोंदीचे शीर्षक आणि ‘खाणकाम’ हे उपशीर्षक मिळून ते कर्म पुरवतात. दोन टिंबे येथे विरामचिन्हापेक्षा जास्त काम करतात, ती वाक्याचा सांधा आहेत. मराठीत कर्ता-कर्म गाळून क्रियापदावर वाक्य तोलता येते, आणि कोशकारांनी या सोयीचा भरपूर लाभ घेतला आहे.

आता हीच नोंद संकेतस्थळावर नेताना ‘खाणकाम’ हा शब्द उचलून वेगळ्या ओळीवर, मोठ्या टाइपात, वर-खाली मोकळी जागा सोडून ठेवला, तर सांधा निखळतो. परिच्छेद ‘थर उथळ असल्यास’पासून सुरू होतो. लेखाच्या वरच्या अनुक्रमातून उडी मारून थेट तेथे आलेल्या वाचकाला कशाचा थर, काय काढतात, काहीच बोध होत नाही. लेखकाची भाषा अडखळती आहे असे त्याला वाटते. भाषा अडखळती नसते. तिच्याखालची पायरी काढून घेतलेली असते.

तर मग उपशीर्षके वेगळी काढूच नयेत का? तसेही नाही. पाच-सात पृष्ठांची नोंद फोनवर अखंड ठेवली तर वाचक तिसऱ्या सरकवणीला हात टेकतो. मी तीन गोष्टी पाहून निर्णय करतो. उपशीर्षकाखाली तीनपेक्षा अधिक परिच्छेद असतील तर ते वेगळे काढतो. एक-दोन परिच्छेदांचेच असेल तर छापील पद्धतीने ओळीतच ठेवतो. ठळक टाइप पडद्यावरही डोळ्याला थांबवतोच. आणि वेगळे काढताना पुढचे पहिले वाक्य स्वतःच्या पायावर उभे राहते का ते मोठ्याने वाचून पाहतो. राहत नसेल, तर वाक्याला हात लावत नाही, उपशीर्षक वाढवतो. ‘खाणकाम’ऐवजी ‘कोळशाचे खाणकाम’. लेखकाचे वाक्य ही लेखकाची मालमत्ता आहे, शीर्षकाची पट्टी ही मांडणाऱ्याची. दिवंगत लेखकांच्या बाबतीत ही सीमारेषा काटेकोर पाळावी, असे मला वाटते.

नवे लेख लिहिणाऱ्यांना यातून एक सूचना करता येईल. पान पडद्यावर जाणार हे ठाऊक असेल तर प्रत्येक उपविभागाचे पहिले वाक्य कर्ता-कर्मासह पूर्ण लिहावे. जुन्या कोशशैलीची काटकसर तेवढ्या एका वाक्यापुरती सोडावी. पुढे हवी तितकी करावी.

इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या पानांची मांडणी बदलली तेव्हा लेखाचा अनुक्रम डाव्या बाजूला, पान सरकले तरी समोर राहील असा ठेवला आणि मजकुराच्या ओळीची रुंदी मर्यादित केली. रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना पांढरी जागा मोकळी राहते म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. मला तो निर्णय पटला. आपल्या छापील कोशांनी मोठ्या पानाचे दोन स्तंभ केले त्यामागे हेच शहाणपण होते : ओळ इतकी लांब नसावी की परतताना डोळा चुकून भलत्याच ओळीवर उतरेल. देवनागरीत शिरोरेषा सलग असल्यामुळे लांब ओळीत ही चूक अधिक सहज होते, असा माझा अनुभव आहे. संगणकाच्या पडद्यावर मी ओळीत दहा-बारा शब्दांपेक्षा जास्त येऊ देत नाही.

पूर्वसंदर्भांविषयी थोडक्यात. विश्वकोशात दोन प्रकारचे बाण दिसतात. मजकुरात एखाद्या नावापूर्वी येणारा बाण सांगतो की या नावाची स्वतंत्र नोंद आहे; चौकटी कंसातला बाण सांगतो की या मुद्द्याची अधिक चर्चा अमुक नोंदीत पाहा. पहिला नुसता निर्देश, दुसरा आग्रह. संकेतस्थळावर दोन्हींचे निळे दुवे होतात आणि हा फरक पुसला जातो. बाण तसेच ठेवून त्यांनाच दुवा करणे अवघड नाही. निळ्या शब्दाखाली रेघ ओढण्याचा प्रघात तर देवनागरीला घातकच आहे; ती रेघ उकार, ऋकार आणि पायमोडकी अक्षरे कापत जाते. रंग पुरे.

‘कोळसा, दगडी’ अशा धर्तीची उलटी शीर्षके ही अकारविल्हे कपाटाची गरज होती. मूल शोधताना ‘दगडी कोळसा’ असेच लिहिते. पानाच्या माथ्यावर सरळ रूप द्यावे, उलटे रूप सूचीत असू द्यावे. तसेच ‘चित्रपत्र पाहा’ अशी सूचना मजकुरात असेल आणि चित्र संकेतस्थळावर नसेल, तर ते चित्र कोणत्या खंडात आहे ते तेथेच लिहावे. वाचकाला रिकाम्या दारावर पाठवू नये.

अक्षरांच्या बाबतीत चार गोष्टी सांगतो. त्या सर्व कोणत्याही शिक्षकाला नुसत्या डोळ्यांनी तपासता येतात.

इंग्रजीसाठी आखलेल्या पानात मराठी ओतले की ओळी एकमेकींना चिकटतात, कारण वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार असा आपल्या अक्षराचा पसारा दुहेरी असतो. ओळींतले अंतर इंग्रजीपेक्षा स्पष्टपणे जास्त हवे. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह आवरावा. ‘पृथक्करणात्मक’सारखा शब्द पाच शब्दांच्या ओळीत आला की उरलेल्या शब्दांत बोटभर फटी पडतात, आणि मराठी शब्द योग्य जागी तोडणे सर्व ब्राउझरांना सारखे जमत नाही. डावी कडा सरळ, उजवी मोकळी, हेच बरे. शीर्षकातली अक्षरे फाकवून ठेवण्याची इंग्रजी हौस येथे चालत नाही; शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

चौथी गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ची. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठीची वळणे. महाराष्ट्र शासनाच्या लिपीविषयक निर्णयांनीही त्यांचा पुरस्कार केला आहे. पुष्कळ देवनागरी टंकांत मराठी आणि हिंदी दोन्ही वळणे दडलेली असतात. पानाच्या सांकेतिक भागात भाषा ‘मराठी’ म्हणून नोंदवली असेल तर योग्य टंक मराठी वळण दाखवतो. ‘हिंदी’ किंवा ‘इंग्रजी’ नोंदवली असेल, किंवा काहीच नोंदवले नसेल, तर बहुधा हिंदी वळण येते. एका शब्दाची ही दुरुस्ती असते. आमच्यासारख्या ठिकाणी, जेथे मुले देवनागरी प्रामुख्याने हिंदीच्या पुस्तकातून शिकतात, तेथे मराठी पानावर मराठी ‘ल’ दिसणे ही क्षुल्लक बाब नाही. त्याच नोंदीमुळे दृष्टिहीन वाचकांची वाचनयंत्रणाही मजकूर मराठी उच्चारात वाचू शकते.

लेखकाच्या नावाची जागा शेवटीच असावी, या मताचा मी आहे. आडनाव आधी, मग आद्याक्षरे, अशी नोंदीच्या पायथ्याशी सही करण्याची आपल्या कोशांची रीत सभ्य आहे. विषय पुढे, लेखक मागे. फक्त पडद्यावर नाव पूर्ण लिहावे. विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांच्या नव्या नोंदींत लेखकाबरोबर समीक्षकाचेही नाव येते, ही फार चांगली भर आहे. हा मजकूर दुसऱ्या जाणकाराने पाहिला आहे, हे वाचकाला कळते. पूर्वी ते खंडाच्या प्रस्तावनेत शोधावे लागे.

वर्गात हा विषय शिकवायचा असेल तर संगणकाची गरज नाही. सात सेंटिमीटर रुंदीच्या कागदाच्या पट्ट्या कापाव्यात आणि प्रत्येक गटाला कोशातील एक मध्यम लांबीची नोंद द्यावी. ती पट्टीवर सुवाच्य अक्षरात उतरवायची, आणि दर पंधरा ओळींनंतर एक आडवी रेघ मारायची. तो एक पडदा. मग दुसऱ्या गटाने फक्त पहिल्या रेघेपर्यंत वाचून तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची : हे कशाविषयी आहे, केव्हा लिहिले, कोणासाठी लिहिले. मी हे आठवी ते दहावीच्या मुलांकडून करवून घेतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना देता येते. दुसऱ्यावर गाडी अडते, आणि तेथून मुले स्वतःच पट्टीच्या माथ्यावर तारीख लिहायला लागतात. एका गटाने कंसातली सगळी नावे कात्रीने कापून शेवटी चिकटवली होती. दुसऱ्या गटातल्या मुलीने तेलुगू नाव मात्र परत वर आणले. त्यावर त्यांचे जे भांडण झाले ते ऐकण्यासारखे होते.

राहता राहिला कागद. आमच्याकडे पुष्कळ पाने अखेर झेरॉक्सच्या दुकानात छापून मुलांच्या वहीत जातात, कारण फोन वडिलांचा असतो आणि वडील पाळीवर गेले की फोनही जातो. संकेतस्थळाचे पान छापले की वरची यादी, बाजूच्या पट्ट्या, ‘हेही वाचा’ची चौकट हे सारे कागदावर उतरते आणि लेख तीनऐवजी सात पाने घेतो, पैसे पानागणिक द्यायचे असतात. छपाईसाठी वेगळी मांडणी ठरवून देता येते, आणि ती प्रत्येक लेखपानाला असावी. त्या छापील प्रतीत मी दोन स्तंभ परत आणतो, दुव्यांचे रंग काढतो, बाण ठेवतो. प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ येते : नोंदीचे नाव, लेखनाचे वर्ष, खंड-पृष्ठ आणि संकेतस्थळाचा पत्ता. प्रत्येक पानाच्या, कारण टाचणी निघाली की सुटे पान कोणाच्या तरी वहीत एकटेच राहते.